कच्चा दगड

म्हसूआण्णांनी पोत्यातली पांढरी भुकटी डब्यात घेतली, वरून पाणी ओतलं आणि सवयीने तोंड फिरवून मागे सरकले. उभी हयात चुन्याच्या भट्टीवर गेलेली. चुना खरा की खोटा, ते पाणी पडल्यावर कळतं. डब्यातून ना वाफ आली, ना आवाज.

“फसवलं तुमास्नी, वनिता. कच्चाच धोंडा दळून दिलाय.”

वनिता त्यांची लेक, या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट. तिचं काम बघायला आण्णा आज पहिल्यांदाच आले होते.

“कच्चाच मागवलाय, आण्णा. या सांडपाण्यातून कार्बनचा वायू सुटतो आणि हवा तापवतो. ही भुकटी टाकली की तो पाण्यातच विरघळून राहतो, पाण्याबरोबर खाडीत जातो.”

“मग भाजून टाका की. भाजल्याला जोर असतो.”

“दगड भाजला की तोच वायू त्याच्यातून बाहेर पडतो. मग उपयोग काय?”

बोलून गेल्यावर तिला आण्णांची भट्टी आठवली. आण्णा सांडपाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. भट्टी उतरली की दगड जवळजवळ निम्मा हलका भरायचा. बाकीचं वजन जातं कुठं, असं लहानपणी त्यांनी बापाला विचारलं होतं. “देव खातो,” बाप म्हणाला होता.

आण्णांनी लेकीच्या हातातलं फावडं घेतलं आणि भुकटी भरून टाकीत सोडली. या खेपेला ते मागे सरकले नाहीत.

“दुसरं पोतं फोड,” म्हणाले.