सरपंचबाई

बेबीताई सरपंच होत्या, पण ग्रामपंचायतीतल्या खुर्चीवर कायम त्यांचे पती इंद्रभान बसायचे. इंद्रभान वारले आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत बेबीताई पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसल्या.

त्यांची मैत्रीण महामाया समोरून उठली. “बेबी, आता त तूच खुर्चीवर हायेस. आमच्या गल्लीत नळ देशीन ना वं?”

या नळावरून बेबीताई नवऱ्याशी कितीदा तरी भांडल्या होत्या. आज “हाव” म्हणायचं, असं ठरवूनच त्या घरून निघाल्या होत्या. सभेतली सगळी पुरुषमंडळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पदर सावरला, तोंड उघडलं.



“निधी आला म्हणजे पाहू,” इंद्रभान त्यांच्या तोंडून म्हणाले.