आंब्याची वाफ

तिरोड्याहून गोरेगावला चेतनाला पाहायला आलेले पाहुणे सतरंजीवर टेकले न टेकले तोच अश्विन हात धुवायच्या निमित्तानं परसात सटकला. खिशातली ई-सिगारेट त्याला स्वस्थ बसू देईना.

चेतनानं फोनवरच बजावलं होतं, "सिगारेट ओढणारा असन तं गोरेगावले येऊच नका." पोरगी त्याच्या मनात अशी भरली होती, की तिरोड्याच्या पानठेल्याकडे त्यानं नंतर ढुंकूनही पाहिलं नाही. सिगारेट सुटली. ही तर नुसती वाफ, तीही आंब्याच्या स्वादाची. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी गडी लपवत होता.

त्यानं एक झुरका घेतला.

"ऐन थंडीत आंबा कुठं पिकून राहिला जी?"

परसातल्या चुलीशी चेतनाची मावशी नंदाबाई वरणाच्या फोडणीसाठी तेल तापवत बसली होती. अश्विनची भंबेरी उडाली. हातातली नळी कसली, हे मात्र तिनं विचारलंच नाही.

"धूर नाही मावशी, वाफ आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "मिठाईत टाकते ना, तोच एसेन्स. जे पोटात चालते, ते छातीत..."

मावशीनं लाल मिरच्या तेलात टाकल्या.

असा ठसका उठला की अश्विनच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मावशीही खोकत होती, पदरामागून हसत होती. "काऊन जी? मिरची तं तुमी रोजच खाता!"

अश्विनलाही हसू फुटलं. मग त्यानं हातातल्या नळीकडे पाहिलं. तिच्यात भरायला चोरून-लपून आणलेल्या बाटलीत आंब्याच्या वासाखेरीज काय काय होतं, हे त्यानं कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

चेतना चहा घेऊन बैठकीत आली, तेव्हा त्यानं ती नळी तिच्या ट्रेमध्ये ठेवली. "सिगारेट सोडली, पण हे ओढून राहिलो होतो. आजपासून बंद. नापसंत करायचं तं आत्ताच करा."

त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला.

"पोरीनं एकच अट घातली होती," चेतनाचे वडील योगराज गरजले.

चेतना ट्रे खाली ठेवून तडक आत गेली. संपलं, अश्विनला वाटलं. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं.

ती परत आली, मान खाली, ओठांत हसू दाबलेलं. त्याच्या नळीशेजारी तिनं आपली गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची नळी हळूच ठेवली.