गुंगी

अंबरनाथच्या चाळीत शालनच्या छातीवरची कॅन्सरची जखम धुवायला उमासिस्टर दिवसाआड यायची. आज चादर बदलताना तिला उशीखाली गाठ मारलेला रुमाल सापडला. आत दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या होत्या, जवळजवळ सगळ्या. सिस्टर संतापली. “ह्या गोळ्यांसाठी मी परळच्या हॉस्पिटलात हेलपाटे घालते आणि तू नुसती कण्हत पडतेस?” शालन ओशाळली. “गोळीनं गुंगी येते, सिस्टर. पोरगी शाळेतून येऊन हलवते, तरी मला जाग येत नाही. परवा मी मेले समजून ती शेजारी धावली.” सिस्टरचा आवाज खाली आला. “मग ती झोपल्यावर घे.” “रात्रीसुद्धा हाक मारून बघते.” “अगं, मग घेणार तरी केव्हा?” शालननं कळ सोसली. “स्वतःची वेणी तिला घालता आली, की घेईन.” बाहेर शाळा सुटल्याचा गलका उठला. सिस्टरनं शालनला उठवून बसवलं आणि हातात कंगवा दिला.