एकटीपुरता भात

मंजिरीचा नवरा डेराबस्सीच्या कारखान्यातून घरी यायला निघाला, त्याच संध्याकाळी अतिरेक्यांनी वाटेत बस अडवून माणसं मारली. आज तिसरा दिवस, तो घरी आला नव्हता. घरमालकीण बीजी पोलीस चौकीवर मेलेल्यांच्या नावांची यादी बघायला गेल्या होत्या. इकडे सेक्टर बावीसमधल्या खोलीत मंजिरीने स्टोव्ह पेटवला आणि एकटीपुरता वाटीभर भात टाकला. त्याच्या वाटणीचे तांदूळ निवडून वेगळे ठेवले. आला की ताजाच टाकायचा. तेवढ्यात बीजी दारात आल्या. हातात झाकलेलं ताट. मयताच्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजारचे आणतात. गावी तसंच, इथेही तसंच. “बीजी, मेरा चूल्हा जल रहा है! खाना वापस ले जाओ!” ती किंचाळली. “हां, पुत्तर.” ताट खाली ठेवून बीजींनी हळूच स्टोव्हची हवा सोडली. ज्योत फडफडून गेली. विझल्या स्टोव्हला मंजिरी पंप मारतच राहिली.