थांबवलेली घड्याळं

रक्तदाब महिन्याभरात उतरला नाही तर दुकान बंद करायचं, असं डॉक्टरांनी घड्याळजीला बजावलं आणि गोळ्यांच्या जोडीला रोज वीस मिनिटं ध्यान करायला सांगितलं. एकोणतिसाव्या दिवशीही तो दुकानात, मुठीत पेचकस धरूनच ध्यानाला बसला होता. डोळे मिटताच कोपऱ्यातलं घड्याळ लंगडताना ऐकू आलं. उठून त्याने ते सरळ केलं, तोवर खिडकीजवळचं रेंगाळलं. “डॉक्टरांनी ध्यान सांगितलंय, उठाबशा नाहीत,” म्हणत बायकोने एकेक करून सगळी घड्याळं थांबवली. “अगं, गिऱ्हाइकांची आहेत ती.” “गिऱ्हाइकं थांबतील. तुम्ही बसा.” चाळीस वर्षांत दुकान पहिल्यांदाच गप्प झालं. चरफडत त्याने डोळे मिटले. तरी एक टिकटिक उरलीच, भलतीच घाईत असलेली. कान देऊन तो ती शोधू लागला. ती त्याच्याच छातीत होती. त्याने पेचकस खाली ठेवला आणि ती ऐकत बसला.