यंत्राशी भांडण

इस्पितळाच्या धुलाईघरातली वीज गेली आणि घरघरणारी सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. मुकादमबाईंचं तोंड मात्र सुरूच राहिलं.

"...आणि तो पंखा तुमच्याच केबिनमध्ये लावून घ्या, साहेब. आम्ही इथे वाफेवर शिजतोय!"

समोर साहेब नव्हते. कपडे वाळवायचं यंत्र होतं आणि बाई त्याच्यावर बोट रोखून उभ्या होत्या.

सगळ्या बायकांचे हात थांबले. साहेबांपुढे 'हो साहेब' याखेरीज अक्षर न काढणाऱ्या त्या याच बाई.

"काय बघताय?" बाईंनी बाहीने घाम पुसला. "रोज बोलते मी याच्याशी. इथेच सगळं ओकून टाकलं की घरी पोरांवर खेकसावं लागत नाही."

मग इस्त्रीवालीने घसा खाकरला. "मी नवऱ्याला झापते. कित्येक वर्षं झाली, त्याला पत्ताच नाही."

हशा पिकला. चादरींच्या घड्या घालणारी थोरली म्हणाली, मी गाते, आणि ते कुणाला ऐकू जात नाही हे तुमचं नशीब समजा.

त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी तेवढी मान खाली घालून उभी होती. मन थाऱ्यावर नाही म्हणून ती मोठ्या रजेवर गेली होती. परत आल्यापासून कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

"मी रडते," ती म्हणाली. "यंत्रं सुरू झाली की. मला वाटायचं, आपलंच डोकं फिरलंय."

बाई तिच्याजवळ गेल्या. "मग त्या कोपऱ्यात जाऊन रडत जा. तिथलं यंत्र जास्त बोंबलतं. आणि नुसती रडू नकोस गं, अधूनमधून दोन शिव्याही हासड."

धाकटीला डोळे पुसता पुसता फिस्सकन हसू आलं.

तेवढ्यात दारात साहेब आले. "वीज येईल इतक्यात. सगळं ठीक आहे ना?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"हो साह..." बाई अडखळल्या. मग त्यांनी एक श्वास घेतला. "नाही, साहेब. इथे पंखा पाहिजे."

"बघतो."

"बघू नका. बसवा."

बाईंचा आवाज कापत होता, पण त्या हलल्या नाहीत. साहेबांनी वाफेने ओल्या झालेल्या भिंतींकडे पाहिलं. गळ्याशी चिकटलेली कॉलर सैल केली. "उद्या माणूस पाठवतो," ते म्हणाले आणि गेले.

वीज आली. यंत्रं पुन्हा गरजायला लागली. धाकटीने एका ओल्या चादरीची दोन टोकं धरली, थोरलीने समोरची दोन. झटका देताना धाकटीने तोंड उघडलं आणि पोटातून काहीतरी ओरडली. काय, ते कुणालाच ऐकू आलं नाही. थोरलीनेही लगेच तसंच केलं.

दोघींच्या मध्ये ताणलेली ती चादर बराच वेळ गदगदा हलत होती.