भिंतीवरचा नमुना

थॉमसने टाकीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि चड्डीला पुसून टाकलं.

"फर्निचरचं पॉलिश," तो म्हणाला.

सुमेधने मान खाली घातली. चमक यावी म्हणून लावलं होतं, असं त्याने कबूल केलं. मनवेलपाड्याहून तो सायकल टेम्पोत घालून, गोधडीत गुंडाळून घेऊन आला होता.

साठेक वर्षांपूर्वीची ती अमेरिकन सायकल, रॉकेटसारखी दिसावी म्हणून बनवलेली. दांड्यांच्या मध्ये मोटारसायकलला असते तशी फुगीर टाकी, टाकीच्या नाकावर दोन दिवे, मागच्या मडगार्डला पत्र्याचे पंख. टाकीत पेट्रोल नसे, दिव्यांच्या बॅटऱ्या असत. मॉडेलचं नाव रॉकेटलाइन.

असल्या सायकलींचं मॉडेल कोणतं, कोणता भाग मूळचा आणि कोणता मागून बसवलेला, हे सांगणारा वसईत एकटा थॉमस होता. लोक लांबून फोटो पाठवत. त्याच्याकडे पुस्तक एकही नव्हतं. भिंतीवर त्याची स्वतःची रॉकेटलाइन टांगलेली होती. तिच्याशी ताडून तो निकाल द्यायचा. सासरे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ती परदेशातून सुट्या भागांत आणली होती आणि लग्नाच्या आदल्या दिवशी थॉमसने या घराच्या ओट्यावर बसून जोडली होती. बायको मर्सी गेल्याला आता वर्ष होत आलं. ती सायकल आणि तिच्या जोरावर चालणारा त्याचा शब्द, एवढंच त्याच्याकडे उरलं होतं.

सुमेधला तो शब्दच हवा होता. पुण्याच्या एका संग्रहालयाने त्याला कळवलं होतं, थॉमसची चिठ्ठी आणा, सायकल दर्शनी भागात ठेवतो. सहा वर्षं तो या एका सायकलीच्या मागे होता. बायको त्याला वेड्यात काढत होती.

थॉमस स्टुलावर चढला. आधी भिंतीवरची सायकल बघितली, मग खाली उतरून सुमेधची. असं तीनदा केलं.

"पंखावर रेघा किती?"

"तीन."

"माझ्या चार आहेत. दिव्याच्या कड्याला खाचा?"

"सहा."

"माझ्या सात." त्याने नाक मुरडलं. "चेनकव्हरचं टोक बघ. माझं टोकदार, तुझं बोथट. ही रॉकेटलाइन नाही. पत्रा ठोकून केलेलं सोंग आहे."

सुमेधचा चेहरा पडला. नीट बघा ना अंकल, एवढंच तो म्हणाला.

नीट बघण्यासारखं काही नव्हतं. थॉमसला नकली सायकलींच्या या धंद्याची शिसारी बसली होती. आजवर त्याने अकरा रॉकेटलाइन बाद केल्या होत्या. नायगावच्या एका म्हाताऱ्याने तर त्याचा निकाल ऐकून बापाची सायकल त्याच दिवशी भंगारात टाकली. थॉमसला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. खोट्या वस्तूवर जीव लावणारा माणूस त्याला खोटं बनवणाऱ्याइतकाच ओंगळ वाटायचा.

ही कुठून उचललीस, असं त्याने विचारलं. सुमेधने सांगितलं, गोखिवऱ्याच्या एका वर्कशॉपमधून. मालक वारला, मुलाने माळा रिकामा केला. म्हाताऱ्याने मुलाला सांगून ठेवलं होतं की सायकल अस्सल आहे, पंचवीसेक वर्षांपूर्वी एका बाईने आणून विकली. तिची एकच अट होती. आधी हुबेहूब नक्कल बनवून द्या, मग ही ठेवून घ्या.

"नक्कल कशाला?"

"घरात कळू नये म्हणून, असं ती म्हणाली होती."

थॉमस अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून आला.

"म्हणजे नवऱ्याला फसवलं. आणि वर दुकानदारालाही. खरी घरी नेली, नक्कल त्याच्या गळ्यात मारली, तीच तू घेऊन आलास. अशी बाई नवऱ्याच्या ताटात जेवते कशी रे?"

सुमेध गोधडीची घडी घालू लागला.

"वेळ काय आमच्यावर आली नव्हती?" थॉमसचा आवाज चढला. "मी आखातात. कंपनीने चौदा महिने पगार दिला नाही. पासपोर्ट त्यांच्याकडे, परत येता येईना. घरी दोन पोरं. मर्सीने रात्रंदिवस शिवणकाम केलं, पण पोरांची शाळा बंद नाही पडू दिली. आलो तेव्हा सायकल तिच्या खिळ्यावर होती. तिला बाई म्हणतात."

त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मूळ सायकलीचा स्क्रू कधी फिरवायचा नाही, हा त्याचा नियम होता. स्वतःच्या सायकलीची टाकी त्याने जोडल्यापासून एकदाही उघडली नव्हती. पण या पत्र्याला कशाला जपायचं?

"ये इकडे. आतून गोखिवऱ्याचं वेल्डिंग दाखवतो तुला. मग पुण्याच्या लोकांना काय कळवायचं ते कळव."

स्क्रू सहज फिरले. टाकीची एक बाजू सुटून त्याच्या हातात आली. त्याने ती उजेडाकडे धरली.

आत वेल्डिंग नव्हतं. निळ्या ऑइलपेंटने, त्याच्या स्वतःच्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: मर्सीसाठी. जोडणारा थॉमस. २७ डिसेंबर १९८१.